गती दिसते कशी? टेबलावर मांडलेल्या प्रयोगांच्या नोंदी

२ जून. अंतर आणि मोजमाप

दिवे, चकत्या, स्क्रीन आणि लंबक यांतून डोळ्याला गती कशी दिसते किंवा भासते, हे लोकांना दाखवणारे प्रयोग मांडताना केलेल्या या नोंदी. बघणाऱ्याचा डोळा आणि समोरची वस्तू यांतलं अंतर ५७ सेंमी पक्कं केलं. या अंतरावर १ सेंमी म्हणजे दृष्टिक्षेत्राचा जवळजवळ १ अंश, त्यामुळे पुढचे सगळे हिशोब साध्या पट्टीने होतात. हनुवटी टेकायला आडवी लाकडी पट्टी हवीच. ती नसली की माणूस नकळत पुढे झुकतो, ४५ सेंमीवर येतो आणि २ अंशांचं अंतर अडीच अंशांचं होऊन बसतं.

दिव्यांच्या आणि स्क्रीनच्या वेळा तपासायला बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (उजेड टिपणारा घटक) घेतला. कॅथोड ५ व्होल्टला, अॅनोड ४७ किलोओहम रेझिस्टरमधून ग्राउंडला आणि त्याच सांध्यावर ऑसिलोस्कोपचा (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब. हा खर्च टाळू नका. वेळेत १०-१५ मिलिसेकंदांची चूक असली तर ती डोळ्याला चूक म्हणून दिसत नाही. गती जरा बेंगरूळ दिसते एवढंच, आणि मग दोष बघणाऱ्याच्या माथी मारला जातो.

४ जून. दोन दिवे

काळ्या कार्डात दोन उभ्या फटी, प्रत्येकी १ मिमी रुंद, १० मिमी उंच, मधलं अंतर २ सेंमी. मागे ट्रेसिंग पेपर, त्यामागे ५ मिमीचे पांढरे एलईडी. अर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या पिन ८ आणि ९ वर २२० ओहममधून जोडले, म्हणजे साधारण ९ मिलिअँपिअर. पहिला दिवा, अंधार, दुसरा दिवा असा क्रम. मधला अंधार पॉट (बटणाने फिरवायचा बदलता रेझिस्टर) फिरवून कमीजास्त होतो.

पहिला प्रयत्न फसला तो प्रकाश झिरपल्यामुळे. एक एलईडी पेटला की शेजारची फटही अर्धवट उजळत होती, मग उडी दिसणार कुठून? दोन्ही एलईडींच्या मध्ये काळ्या फोमबोर्डचा पडदा घातला, कडा काळ्या चिकटपट्टीने बंद केल्या आणि ही भानगड मिटली.

दुसरी अडचण अंधाराची. खोली पूर्ण काळोखी केल्यावर एकटा स्थिर दिवासुद्धा आपोआप सरकताना दिसतो, कारण आजूबाजूला तुलनेला काहीच नसतं. त्या सरकण्यात खरा प्रयोग हरवतो. मागच्या भिंतीवर मंद उजेड सोडला आणि दोन्ही फटींच्या मधोमध, थोडा खाली, नजर रोखायला एक ठिपका चिकटवला. मंद उजेडाचा दुसरा फायदा असा की काळोखात विझलेल्या दिव्याची डोळ्यात रेंगाळणारी छाप इथे लवकर पुसली जाते.

५ जून. दोन दिवे, वेळेचा घोळ

उजवीकडे जाणारी उडी सुरेख दिसायची, डावीकडे परतणारी तुटक. एलईडी एकमेकांच्या जागी लावूनही तुटक दिशा तीच राहिली, म्हणजे दोष एलईडीचा नव्हे. स्कोपवर पाहिलं तर एका बाजूचा अंधार २० मिलिसेकंद, दुसऱ्या बाजूचा ३६. चक्राच्या शेवटी तपासणीसाठी सीरियलवर, म्हणजे वायरीतून संगणकाकडे, मजकूर छापला जात होता, चक्रामागे सुमारे १५० अक्षरं. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एका अक्षराला १ मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे १५६ मिलिसेकंद. चक्र मात्र १४० चं. उनोचा ६४ बाइटचा बफर (पाठवायच्या अक्षरांची तात्पुरती साठवण) भरला की प्रोग्रॅम तिथेच थांबून राहतो आणि ते १६ मिलिसेकंद शेवटच्या अंधारात मिसळतात. छपाई काढून टाकली, ‘डिले’ या थांबून राहण्याच्या आज्ञेऐवजी ‘मायक्रोज’ या मायक्रोसेकंद सांगणाऱ्या आज्ञेवर वेळ मोजायला घेतली. पॉटच्या भोवती कागदी तबकडी लावून आकडे तिच्यावरच लिहिले.

अजून एक बदल. ५० मिलिसेकंदांची पेटण्याची वेळ ठेवली तर ‘दोन्ही एकदम पेटले’ ही अवस्था गाठताच येत नाही, कारण सुरुवातीपासून सुरुवातीपर्यंतचं अंतर ५० च्या खाली उतरत नाही. पेटण्याची वेळ १५ मिलिसेकंद केली आणि दर जोडीनंतर ८०० मिलिसेकंद विश्रांती दिली. सतत उघडझाप थांबल्याने डोळ्याला होणारा त्रासही गेला.

आता पॉट फिरवताना तिन्ही अवस्था वेगळ्या दिसतात: दोन्ही एकदम, मग एकच पट्टी इकडून तिकडे सरकते आहे, मग एकामागून एक दोन वेगळे दिवे. मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्टहायमरने १९१२ मध्ये दिलेले आकडे अनुक्रमे सुमारे ३०, ६० आणि २०० मिलिसेकंदांचे आहेत. ते पाठ करून तबकडीवर छापू नयेत. फटींमधलं अंतर, उजेड आणि पेटण्याची वेळ बदलली की सीमा सरकतात. २ सेंमीऐवजी ६ सेंमी अंतराचं दुसरं कार्ड शेजारी ठेवलं आहे. त्यावर गुळगुळीत गती दिसायला पॉट थोडा पुढे न्यावा लागतो.

७ जून. चार दिवे

त्याच पद्धतीने चौकोनाच्या कोपऱ्यांवर चार दिवे. आधी एका कर्णावरचे दोन, मग दुसऱ्या कर्णावरचे दोन. गती आडवी दिसू शकते किंवा उभी, दोन्ही तितक्याच खऱ्या. २ × २ सेंमीच्या अचूक चौकोनात मध्यभागी नजर रोखली तर बहुतेकांना उभीच दिसते, म्हणून आलटूनपालटून दोन्ही दिसावीत अशी इच्छा असेल तर उभं अंतर वाढवावं लागतं. कोपरे पक्के चिकटवू नका. उभ्या खाचा पाडून दिवे वरखाली सरकते ठेवा. उभं अंतर हळूहळू वाढवत नेलं तर दिशा एका ठिकाणी बदलते, कमी करत आणलं तर वेगळ्याच ठिकाणी. एकदा दिसलेली दिशा मेंदू लवकर सोडत नाही. म्हणून खूण करायची तर दोन्हीकडून येऊन करावी.

१० जून. सर्पिल चकती

२० सेंमी व्यासाच्या फोमबोर्डच्या चकतीवर सर्पिल छापून निमा १७ स्टेपर मोटरवर (ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी मोटर) बसवलं. मोटरला वीज देणारा ड्रायव्हर ए४९८८, १२ व्होल्ट, पुरवठ्याच्या पिनांना अगदी लागून १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सेन्स रेझिस्टरवर (प्रवाह मोजणारा) ‘आर१००’ लिहिलेलं असेल तर ०.५ अँपिअरसाठी व्हीरेफ (प्रवाहाची मर्यादा ठरवणारं व्होल्टेज) ०.४ व्होल्ट ठेवावं. वीज चालू असताना मोटरची वायर काढली की ड्रायव्हर गेलाच समजा. एक तसाच गेला.

पूर्ण स्टेपवर चकती थरथरते आणि सर्पिलाची कड दुहेरी दिसते. सोळांश मायक्रोस्टेपिंगवर (एका स्टेपचे सोळा भाग करून) थरथर गेली.

एकाच हाताचं वेटोळं, २ सेंमी फेर (एका वेढ्यात हात बाहेर सरकतो ते अंतर), सेकंदाला अर्धा फेरा ही पहिली मांडणी जवळजवळ निष्प्रभ ठरली. थांबल्यावर उलट गतीचा भास इतका पुसट की लोक ‘हो’ म्हणताना अडखळत होते. हिशोब केला तर एका जागेवरून पट्टा दोन सेकंदांत एकदाच जात होता. मग चार हातांचं सर्पिल काढलं (प्रत्येक हाताचा फेर ८ सेंमी, म्हणजे पट्ट्यांमधलं अंतर तेच २ सेंमी) आणि वेग सेकंदाला एक फेरा केला. आता दर सेकंदाला चार पट्टे जातात. मधल्या खिळ्यावर ३० सेकंद नजर ठेवून चकती थांबवली की ती उलट दिशेला आकसताना किंवा फुगताना स्पष्ट दिसते, आकार मात्र बदलत नाही. रॉबर्ट अॅडम्सने १८३४ मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्याकडे टक लावून मग शेजारच्या कड्याकडे पाहिलं, तेव्हा खडक वर सरकताना दिसला होता. तो हाच भास.

चकती थांबवताना वीज एकदम तोडू नये, कारण ती जडत्वाने थोडी पुढे घसरते आणि ती खरी हालचाल भासात मिसळते. ड्रायव्हरला जाणारे पल्स (एकेक पायरी पुढे नेणारे संकेत) थांबवायचे, पण ड्रायव्हर चालूच ठेवायचा, म्हणजे चकती जागच्या जागी धरली जाते.

१४ जून. आऱ्यांची चकती आणि स्ट्रोब

सगळ्यात जास्त वेळ याने खाल्ला. चकतीवर २४ काळे आरे, सेकंदाला ४ फेरे, म्हणजे एका जागेवरून सेकंदाला ९६ आरे जातात. तितक्याच वेगाने उजेड लुकलुकला की आरे थिजलेले दिसायला हवेत. कमी आरे घेऊन १५-२० हर्ट्झवर हे सहज जमतं, पण त्या पट्ट्यातला लुकलुकाट प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या माणसाला झटका आणू शकतो. म्हणून प्रोग्रॅममध्येच ९० हर्ट्झची खालची मर्यादा बसवली आणि मोटर पूर्ण वेग घेईपर्यंत स्ट्रोब, म्हणजे हा लुकलुकणारा दिवा, बंद ठेवला. टेबलावर सूचना लावली ती वेगळी.

मोटरचे पल्स ‘टोन’ या उनोच्या आज्ञेने दिले होते. उनोवर ‘टोन’ एका वेळी एकाच पिनवर चालतं, म्हणून स्ट्रोबसाठी दुसरा उनो घेतला. आरे थिजले, पण सावकाश रांगत राहिले. कधी पुढे, बोर्ड तापल्यावर कधी मागे. उनोच्या मुख्य चिपला वेळ राखायला क्वार्ट्झ स्फटिक नसून कमी अचूक सिरॅमिक रेझोनेटर असतो. दोन बोर्डांत अर्ध्या टक्क्याचा फरक पडला तरी ९६ चा अर्धा टक्का म्हणजे दोन सेकंदांत जवळजवळ एक आरा. ट्रिमपॉट लावून जुळवत बसण्यात दुपार गेली. दोन घड्याळं अशी जुळत नसतात.

१५ जून. एकच घड्याळ

मोटर आणि स्ट्रोब एकाच बोर्डावर आणले. ‘टोन’ चिपमधला टायमर २ (ठोके मोजणारा भाग) वापरतं, स्ट्रोबला १६ बिटांचा टायमर १ दिला, पिन ९. तरी थोडं रांगणं उरलंच, या वेळी एकाच दिशेने आणि न बदलता. मोटर चौथाई मायक्रोस्टेपवर, म्हणजे फेऱ्याला ८०० पल्स आणि मागितलेले ३२०० हर्ट्झ. पण टायमर २ ला ८ बिटांत पूर्णांकच बसतो. उनोच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला १,६०,००,०००, म्हणून प्रत्यक्षात १,६०,००,००० ÷ (२ × ३२ × ७८) म्हणजे ३२०५.१ हर्ट्झ निघतात. आरे ९६ नव्हे, ९६.१५.

यावर उपाय सोपा निघाला. टायमर १ ला प्रीस्केलर (घड्याळाच्या ठोक्यांना भागणारा आकडा) ८ ठेवला तर ९६.१५ हर्ट्झसाठी बरोबर २०,८०० मोजण्या होतात. मोजणी शून्यापासून होते, म्हणून आयसीआर१ मध्ये (टायमरने कुठपर्यंत मोजायचं तो आकडा) २०७९९ लिहिलं आणि आरे पूर्ण थिजले. रेझोनेटर कितीही सरकला तरी दोघे बरोबर सरकतात. २०५८५ लिहिलं की सेकंदाला एक आरा मागे जातो. १०३९९ लिहिलं की २४ ऐवजी ४८ आरे उभे राहतात.

‘टोन’च्या अर्ध्या वेळ चालू, अर्ध्या वेळ बंद अशा पल्सवर स्ट्रोब चालवला होता तेव्हा आऱ्यांच्या जागी नुसता करडा धूर होता. कडेला चकतीचा वेग सेकंदाला सव्वादोन मीटर. ०.३ मिलिसेकंदाच्या झोतात कड पाऊण मिमीपेक्षा कमी सरकते. एवढं पुरतं, कारण कडेला आरा जवळजवळ १२ मिमी रुंद आहे. त्यासाठी झोताची लांबी ठरवणाऱ्या ओसीआर१ए मध्ये ५९९ लिहिलं. अर्थात दिवा वेळेच्या तीन टक्केच पेटतो, म्हणून १० वॅटचा १२ व्होल्ट एलईडी, तो चालू-बंद करायला आयआरएलझेड४४एन मॉसफेट (ट्रान्झिस्टर) आणि खोलीतले इतर दिवे बंद.

आरे मागे का जातात हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. दोन झोतांमध्ये प्रत्येक आरा जवळजवळ एक घर पुढे जातो, पण नव्या चित्रात त्याला सर्वांत जवळचा आरा किंचित मागे असतो आणि दृष्टी जवळच्याशीच जोडी लावते. एका आऱ्यावर निळा ठिपका चिकटवला आहे. थिजलेल्या आऱ्यांवरून तो मात्र घराघरातून फिरताना दिसतो, आणि ‘चकती खरंच बंद पडली’ हा संशय मिटतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तपासू नका. कॅमेरा स्वतःच्या फ्रेमा घेतो आणि चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे आरे वाकडे दिसतात, आणि त्याचा डोळ्याशी संबंध नाही.

१९ जून. ठिपक्यांचा पडदा

लॅपटॉपवर, पायथॉनमध्ये. ५ अंश त्रिज्येच्या वर्तुळात १०० ठिपके. काही टक्के एका दिशेने, बाकीचे वाटेल तसे. एकंदर ओघ कुठे, एवढंच सांगायचं. माकडांच्या एमटी नावाच्या दृष्टिभागातल्या पेशींवरचं विल्यम न्यूसम आणि सहकाऱ्यांचं १९८० च्या दशकातलं काम अशाच ठिपक्यांवर झालं.

इथे चुकायला जागा भरपूर. क्रमाने:

स्क्रीनवर सेंमीला ५५.६ पिक्सेल. ५ अंश प्रतिसेकंद म्हणजे, सेकंदाला ६० फ्रेमा धरून, फ्रेममागे ४.६ पिक्सेल. जागा पूर्णांकात साठवल्यामुळे प्रत्यक्षात ४ च होत होते आणि वेग जवळजवळ १४ टक्के कमी. जागा दशांशातच ठेवा, पूर्णांक करायचा तर फक्त चित्र काढताना.

वर्तुळाबाहेर गेलेला ठिपका समोरच्या कडेला पुन्हा सोडला तर ती कड सतत नव्याने उगवत असते आणि लोक ओघ न बघता कड बघून उत्तर देतात. ठिपका वर्तुळात कुठेही सोडायला हवा.

तरी चतुर लोक एकच ठिपका पकडून नजरेने त्याचा पाठलाग करतात. म्हणून प्रत्येकाला ४ फ्रेमांचं आयुष्य दिलं. लगेच सगळा पडदा धडधडू लागला. सगळे एकाच फ्रेमला जन्मल्यामुळे एकाच फ्रेमला मरत होते, दर ४ फ्रेमांनी, म्हणजे नेमका १५ हर्ट्झचा लुकलुकाट, स्ट्रोबमध्ये जो टाळला तोच. सुरुवातीला प्रत्येकाचं वय ० ते ३ पैकी कुठलंही द्या.

काळ्यावर पांढरे ठिपके ठेवले तर एलसीडीवर मागे शेपूट उरतं आणि स्थिर चित्रातूनही दिशा कळते. करड्या पार्श्वभूमीवर शेपूट बरंच कमी होतं.

शेवटी फोटोडायोड. पडद्याच्या कोपऱ्यात दर फ्रेमला काळा-पांढरा होणारा चौकोन ठेवून त्यावर तो दाबला. चार्जर काढल्याबरोबर ६० चं ४८ हर्ट्झ झालं. वीज वाचवण्यासाठी लॅपटॉप रिफ्रेश (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते) कमी करतो आणि प्रोग्रॅमला पत्ताही नसतो. ती सोय बंद केली, तरी चार्जर लावूनच चालवा.

आता ५० टक्के एकदिशेला कुणीही सांगतं. ५ टक्क्यांवर बहुतेकजण ‘नुसता अंदाज आहे’ म्हणतात. त्यांना अंदाज सांगायलाच लावायचं आणि उत्तरं लिहून घ्यायची. माणूस स्वतःला समजतो त्यापेक्षा बरोबर निघतो.

२३ जून. उलटी गती

याच पडद्यावर वेडेवाकडे उभे काळे-पांढरे पट्टे. प्रत्येक फ्रेमला चित्र थोडं उजवीकडे सरकतं आणि त्याच वेळी काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं होतं. ओघ डावीकडे दिसतो. स्टुअर्ट अॅन्स्टिसने हे १९७० मध्ये दाखवलं. बर्नहार्ड हासेनश्टाइन आणि वेर्नर राइकार्ट यांनी १९५६ मध्ये भुंगेऱ्यावरच्या प्रयोगांतून मांडलेल्या, गती ओळखण्याच्या रचनेत शेजारच्या दोन जागांचे संकेत, एकाला विलंब देऊन, गुणले जातात. एकाचं चिन्ह बदललं की गुणाकाराचंही बदलतं, म्हणून दिशा उलटते.

पडद्यावर मात्र दोन दिवस काही धड दिसेना. पार्श्वभूमी १२८ होती (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). आकड्यांच्या मधोमध खरी, पण गॅमा २.२ असलेल्या (म्हणजे उजेड आकड्याच्या सरळ प्रमाणात वाढत नाही अशा) स्क्रीनवर १२८ चा उजेड पांढऱ्याच्या फक्त २२ टक्के असतो. त्यामुळे पांढरे पट्टे पार्श्वभूमीपासून फार दूर, काळे अगदी जवळ, आणि उलटापालट समतोल होत नाही. पार्श्वभूमी १८६ केली आणि ओघ ताबडतोब उलटला. सरकण्याचं पाऊल पाव अंशाच्या आत ठेवावं.

२७ जून. लंबक

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवडता. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल पुल्फरिशने १९२२ मध्ये मांडलेला. १ मीटर दोरा, पांढरा चेंडू, समोर २ मीटरवर बघणारा. एका डोळ्यावर काळसर काच, दोन्ही डोळे उघडे. सरळ रेषेत झुलणारा चेंडू लंबवर्तुळात फिरताना दिसतो. काच उजव्या डोळ्यावर असेल तर वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट, डाव्यावर असेल तर घड्याळासारखा. अंधुक प्रतिमा मेंदूपर्यंत उशिरा पोचते आणि तो उशीर दोन डोळ्यांच्या चित्रांतला फरक ठरून जवळ-दूरचं अंतर म्हणून वाचला जातो.

एका दोऱ्यावर टांगलेला चेंडू थोड्याच वेळात खरोखरच लंबवर्तुळात फिरू लागतो. मग भास कुठला आणि खरं कुठलं? दोन दोरे ‘व्ही’ आकारात, ‘व्ही’चं प्रतल नजरेच्या रेषेला समांतर हवं, आडवं बांधलं तर जी दिशा मोकळी हवी तीच अडते. वेल्डिंगची काच वापरू नका. इतक्या काळोखात तो डोळा मेंदू सोडूनच देतो आणि जवळ-दूरचा भास नाहीसा होतो. आठवा हिस्सा प्रकाश सोडणारा करडा फिल्टर चांगला चालला.

यातून उशीर मोजताही येतो. झोका मध्यापासून २० सेंमी, काळ २ सेकंद, म्हणजे मध्यावर वेग सेकंदाला ६३ सेंमी. लंबकाच्या रेषेपुढे एक उभी काठी मागेपुढे सरकवत चेंडू जवळून जाताना जिथे भासतो तिथे आणायची. ती १८ सेंमी पुढे आली आणि दोन डोळ्यांत ६.३ सेंमी अंतर असलं तर आडवा फरक १८ × ६.३ ÷ १८२, म्हणजे ०.६२ सेंमी. त्याला ६३ ने भागलं की जवळजवळ १० मिलिसेकंद. काठी चेंडूच्या वाटेत येणार नाही इतकी खाली ठेवा.

एका डोळ्याने दिसत नसेल तर हा भास होत नाही, एक डोळा आळशी (त्याची नजर कमजोर) असेल तरी तो न होण्याची शक्यता असते. पुल्फरिशला स्वतःला तो कधी दिसला नाही, त्याची एका डोळ्याची दृष्टी गेलेली होती. न दिसणाऱ्याला ‘नीट बघा’ म्हणत बसू नये.

३० जून. टेबलावरचा क्रम

सर्पिल आधी आणि ठिपके नंतर ठेवले तेव्हा ठिपक्यांची उत्तरं बिघडली. ३० सेकंद बाहेर जाणारी गती बघून आलेल्या डोळ्याला ५-१० टक्क्यांचा क्षीण ओघ नि:पक्षपाती दिसत नाही. आता क्रम दोन दिवे, चार दिवे, ठिपके, उलटी गती, लंबक, स्ट्रोब, आणि सर्पिल सर्वांत शेवटी, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, चालू असताना इतर कुणाच्या नजरेत येणार नाही असं आडोशाला. स्ट्रोबचा उजेड ठिपक्यांच्या स्क्रीनवर पडत होता, तिथे काळा पुठ्ठा लावला. पॉटची तबकडी रोज सुरू करताना स्कोपवर एकदा ताडून घ्यावी, कारण लोक बटण मर्यादेपलीकडे पिळतात आणि ते दांड्यावर सरकतं.